भिशीचे सहा हजार आणि आईंचे डबे

फेब्रुवारीत माझी भिशी लागली. बारा जणी, पाचशे-पाचशे, म्हणजे सहा हजार. दरवेळी हे पैसे कुठे जातात देव जाणे, गॅस सिलिंडर, मुलाच्या कसल्यातरी फॉर्मची फी, कोणाच्या तरी मुंजीचा आहेर, आणि महिन्याच्या शेवटी पाकिटात वीस रुपये आणि एक मेडिकलची पावती. यावेळी मी आधीच जाहीर करून टाकलं की हे पैसे घराचे, पण घरखर्चाचे नाहीत, घर लावायचे. हे पेपर वाचत होते, वरही न बघता म्हणाले, "सहा हजारात काय होतंय, सुतार नुसता बघून जायचे पाचशे घेईल." मी म्हटलं सुतार बोलवायचाच नाहीये, मीच करणार आहे. त्यावर ते जे हसले ना, पुढच्या दोन महिन्यांतली निम्मी कामं मी त्या हसण्याच्या रागात केलीत.

आमचं घर इंदूरला रामबागेत, आजेसासऱ्यांनी बांधलेलं, खालचा मजला आमचा. चौदा इंची भिंती, तीन कोनाडे, एक फडताळ, आणि स्वयंपाकघरावर एक माळा, ज्यावर काय आहे हे फक्त आईंना माहीत. आई म्हणजे सासूबाई, वय ७८, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं "पुढच्या हिवाळ्यात बघू" असं तीन हिवाळे चाललंय. मी त्याआधी फोनवर व्हिडिओ बघून बघून डोकं भरून घेतलं होतं, पांढऱ्या भिंती, वेताच्या टोपल्या, एका उंचीच्या काचेच्या बरण्या आणि कोपऱ्यात एक मोठ्या पानाचं झाड. त्या व्हिडिओंतल्या लोकांकडे पाटा-वरवंटा कसा नसतो हो? त्यांच्याकडे कोणी काका ट्रंक ठेवून जात नाहीत का, "नेतो पुढच्या खेपेला" म्हणून?

तर सुरुवात माळ्यापासून केली, म्हणजे अटाल्यापासून. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, भंगाराला आमच्याकडे अटाला म्हणतात, मराठी घरातसुद्धा. माझी पुण्याची मावसबहीण पहिल्यांदा आली तेव्हा तिला वाटलं अटाला हा काहीतरी खायचा प्रकार असणार, सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, मिळत असेल. माळ्यावरून निघालं ते असं: सागवानी पलंगाच्या सहा फळ्या, गंजलेली लोखंडी मांडणी, एक टेबलफॅन ज्याचं डोकं एकाच दिशेला लटकलेलं, साड्यांचं एक गाठोडं, काकांच्या दोन ट्रंका, आणि श्रीखंडाचे एक्केचाळीस डबे. मोजले मी. एक्केचाळीस डबे आणि झाकणं तेवीस.

मी आणि आई जमिनीवर फतकल मारून बसलो आणि पत्रिका जुळवाव्यात तशी झाकणं जुळवली. तेवीसातली चौदा जुळली, बाकीची कुठल्या डब्यांची होती ते डबेच घरात नव्हते. ज्याला झाकण तो राहील, ज्याला नाही तो जाईल, असा मी नियम केला आणि आईंनी अर्थातच तो ऐकूनच घेतला नाही. "असू दे गं, लागेल."

"आई, कधी लागेल?"

"लागेल तेव्हा तुझ्याकडे नसेल."

यावर काय बोलणार. तरी मी सत्तावीस डबे काढले, आणि संध्याकाळी मोजले तर पंचवीसच होते, पण ते नंतर सांगते. अटाला काढायचा तर इंदूरमध्ये एक वेगळंच टेन्शन असतं, २०१७ पासून सलग सात वेळा शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि त्याचा अर्धा भार आपल्याच डोक्यावर असल्यासारखं आम्ही वागतो. सकाळी गाणं वाजवत गाडी येते, तिला सहा कप्पे, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, इलेक्ट्रॉनिक आणि घरातला घातक कचरा. माळ्यावर रंगाचे दोन वाळलेले डबे आणि थिनरची बाटली होती ती घातकमध्ये, पंखा इलेक्ट्रॉनिकमध्ये, आणि लोखंड-पितळ-रद्दी अटालेवाल्याला. त्याने सगळ्याचे मिळून चारशे दहा दिले. म्हणजे बजेट आता सहा हजार चारशे दहा. मी ते ह्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं.

आता शेल्फ. इथे मी आधी माती खाल्ली आणि मग शिकले. भोक पाडायची भीती वाटत होती म्हणून ऑनलाइन ते चिकटवायचे हुक मागवले, पाकिटावर लिहिलेलं की इतके किलो वजन पेलतात. चार हुक, त्यावर हलकी फळी, फळीवर मसाल्याच्या बाटल्या, फोटो काढला, भिशीच्या ग्रुपवर टाकला, अकरा जणींनी बदाम पाठवले. रात्री पावणेतीनला स्वयंपाकघरात असा आवाज झाला की हे काठी घेऊन उठले. सगळी हळद जमिनीवर. आणि उचलून बघते तर हुकाचा गम हुकाला इमानदारीत चिकटलेलाच होता, फक्त त्याच्या मागे भिंतीचा रंगपण सोलून आलेला. तेव्हा ट्यूब पेटली, गम धरतो तो रंगाला, भिंतीला नाही. टाइल असेल, काच असेल, कपाटाचं सनमायका असेल तर ठीक, पण जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीवर तो हुक म्हणजे पापडावर खिळा.

मग पलंगाच्या फळ्या घेतल्या. सागवान, पन्नास एक वर्षांचं, वर काळपट मेणचट थर बसलेला पण आत एकदम ठणठणीत. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, आणि घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, आडवं घासलं की ओरखडे राहतात आणि ते पॉलिश लावल्यावरच दिसतात, तोपर्यंत नाही, हे मी पहिल्या फळीवर शिकले, ती फळी आता भिंतीकडे तोंड करून आहे. पॉलिश म्हणाल तर चपडीचं. चपडी म्हणजे लाख, त्याच किड्याची राळ ज्याच्या बांगड्या होतात, हार्डवेअरच्या दुकानात पातळ पापुद्र्यांसारखी मिळते, मधाच्या रंगाची. ती रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत घालायची, सकाळी जुन्या फडक्यातून गाळायची आणि सुती बनियनचा बोळा करून हलक्या हाताने फिरवायची. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद, स्पिरिट आहे ते, हे विसरायचं नाही. पाच-दहा मिनिटांत वाळतं, मग परत एक हात, परत एक हात. मला यातलं सगळ्यात आवडलेलं काय तर नवा हात जुन्या हातात विरघळून बसतो, म्हणजे मागच्याची चूक पुढच्यात मिटते. वाईट एवढंच की गरम कप किंवा ओला पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, म्हणून जेवायच्या टेबलाला हे करू नका, पुस्तकांच्या आणि डब्यांच्या फळीला बिनधास्त करा.

ड्रिल शेजारच्या जोशीकाकूंच्या जावयाचं, उसनं. स्क्रू, ब्रॅकेट आणि गिट्ट्या सियागंजातून आणल्या. गिट्टी म्हणजे भोकात आधी ठोकायचा तो प्लास्टिकचा तुकडा, स्क्रू आत गेला की तो फुगतो आणि भिंतीला धरून बसतो. सहा नंबरच्या गिट्टीला सहा एमएमचाच बिट, उगाच मोठं भोक केलं की गिट्टी आत गोल गोल फिरत बसते. माझ्या पहिल्या दोन फिरल्याच, पण त्याचं कारण वेगळं होतं. आमच्या भिंती विटा आणि चुन्याच्या, आणि मी नेमकं दोन विटांच्या सांध्यात भोक पाडलं, बिट लोण्यात सुरी जावी तसा आत गेला आणि मी खूश, की बघा कसं जमतंय. सोपं गेलं की समजायचं चुकलं. दोन इंच वर सरकून विटेत पाडलं, लाल भुकटी यायला लागली, हाताला झिणझिण्या आल्या, ती गिट्टी अजून जागची हललेली नाही. भुकटी खाली सांडू नये म्हणून लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट उघडं करून भोकाच्या खाली टेपने चिकटवायचं, सगळी त्यातच पडते. बिटावर टेप गुंडाळून खूण करायची, की एवढंच आत जायचं. आणि स्विचबोर्डच्या बरोबर वर किंवा बरोबर खाली चुकूनही भोक नको, वायर बहुतेक तिथूनच सरळ गेलेली असते.

दोन ब्रॅकेट एका रेषेत यायला मोबाईलमधलं लेव्हल वापरलं तर फळी उतरतीच वाटत होती. आई कॉटवरून बघत होत्या. म्हणाल्या, "गवंडी पाण्याची नळी धरायचे." खरंच की. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, एक टोक इकडे एक तिकडे, दोन्हीकडे पाणी जिथे थांबलं तिथे पेन्सिलीची खूण. फळी सरळच आली. मग कळलं की फळी आधीपण सरळच होती, छत उतरतं आहे.

सियागंजातून परत येताना राजवाड्यासमोर सिग्नलला रिक्षा थांबली होती. मांडीवर स्क्रूची पिशवी आणि समोर तो होळकरांचा वाडा, सात मजले, खालचे तीन दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या दंगलीत तो जळला तेव्हा मी शाळेत होते, बाबांनी नंतर लांबून दाखवला होता, नुसता काळा सांगाडा आठवतो. तो परत उभा केला लोकांनी. आणि मी दोन ब्रॅकेटसाठी चार दिवस नळी धरून बसलेली. हसूच आलं मला रिक्षात एकटीला.

भिंतीची गोष्ट जरा लांब आहे. बैठकीची एक भिंत खालून तीन फूट कायम ओली. चार वर्षांपूर्वी एका पेंटरने पुट्टी भरून वर मस्त चमकणारं प्लास्टिक पेंट मारून दिलं होतं, "पोंछते रहो, नई की नई" असं सांगून. पहिल्या पावसाळ्यात फोड, दुसऱ्यात पापुद्रे, तिसऱ्यात पापुद्र्यामागून पांढरी खारी पूड. जुन्या चुन्याच्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात आणि हवेत सोडून देतात, त्यांचा तो श्वास असतो म्हणा ना, आणि वरून प्लास्टिकचा थर दिला की ओल आतच कोंडते, मग ती स्वतःच वाट काढते. त्यात आमची माळव्याची काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिच्यावर उभं घर दरवर्षी एप्रिल-मेमध्ये नवीन तडा दाखवतंच. तडा नुसता वरून लिंपायचा नाही, आधी खरवडून जरा रुंद करायचा, धूळ झटकायची, पाणी मारायचं, मग भरायचा. नाहीतर लिंपलेलं पुढच्या वर्षी पोपडा होऊन हातात येतं.

मी ठरवलं की चुनाच लावायचा, आईंच्या सासऱ्यांनी लावला होता तसा. पत्रीने सगळं प्लास्टिक पेंट खरवडलं, तीन दिवस लागले, चुना प्लास्टिकच्या रंगावर बसतच नाही त्यामुळे सुटका नव्हती. चुन्याची कळी आणली आणि मी ती प्लास्टिकच्या बादलीत टाकणार तेवढ्यात आई एवढ्या जोरात ओरडल्या की बादलीच हातातून पडली. कळीवर पाणी पडलं की ती उकळते, अक्षरशः खदखदते, बादली वितळली असती. तेलाचा पत्र्याचा डबा घेतला, डोळ्यांना मुलाचा पोहायचा गॉगल लावला, लांबून काठीने ढवळलं. मुलाने व्हिडिओ काढलाय, तो त्याच्या लग्नात दाखवणार आहे म्हणे. रात्रभर मुरवून दुसऱ्या दिवशी गाळलं, दुधाइतकं पातळ केलं, त्यात थोडी तांदळाची पेज म्हणजे हाताला पांढरं लागत नाही, आणि चिमूटभर नीळ. भिंत आधी ओली करायची. पहिला हात मारला आणि मला रडूच आलं, काही दिसतच नव्हतं, जसं काही नुसतं पाणी मारलंय. संध्याकाळी वाळलं तेव्हा पांढरं झालं. चुना असाच असतो, ओला असताना दिसत नाही, वाळता वाळता हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगड होतो आणि मग खुलतो. चार पातळ हात. एकूण खर्च तीनशेच्या आत, ब्रश धरून. ओल गेलीये का, तर नाही, ओल आहेच, पण आता ती येते आणि जाते, फोड नाहीत.

आणि पांढरी भिंत झाली तसं मला एकदम संजा आठवली. आमच्या लहानपणी इंदूरमध्ये पितृपक्षात गल्लीतल्या माळवी मुली भिंतीवर संजा मांडायच्या. शेणाने चंद्र-सूर्य, पालखी, फुलं काढायची, वर गुलबासाच्या नाहीतर झेंडूच्या पाकळ्या चिकटवायच्या, रोज नवीन, आणि शेवटी मोठा किलाकोट. पुढे पुढे पाकळ्यांच्या जागी चमकीचे कागद आले. मी मराठी, आमच्यात हे नव्हतं, पण मी रोज संध्याकाळी तिथेच असायचे, प्रसाद मिळायचा हे मुख्य कारण. घर सजवायला एक रुपया लागायचा नाही आणि अमावास्येला सगळं काढून वाहत्या पाण्यात. आता त्या भिंतीवर मी काही काढलं नाही, हिंमत झाली नाही, पण कुंड्या केल्या. मातीच्या कुंड्यांना गेरू, त्यावर खडूच्या पांढऱ्या रंगाने मांडणे, माळव्यात दिवाळीला अंगणात काढतात ते. नुसता गेरू हाताला लागत राहतो, पाण्यात जरासं फेव्हिकॉल घातलं की बसतो. गेरू कालवायला काही सापडेना तेव्हा आईंनी कॉटखालून श्रीखंडाचा एक डबा काढून दिला. बिनझाकणाचा. काही बोलल्या नाहीत, फक्त दिला. दुसरा अजून कॉटखालीच आहे, मला माहितीये आणि मला माहितीये हे त्यांना माहितीये.

पडद्यांचं पटकन सांगते. गाठोड्यात आईंची एक माहेश्वरी होती, रेशमी ताणा आणि सुती बाणा असलेली, जांभळट, पदराजवळ विरलेली, नेसण्यासारखी नव्हती. खिडकी चार फूट रुंद, साडेचार फूट उंच. साडी साडेपाच मीटर, पन्हा पंचेचाळीस इंच. आडवे तीन तुकडे केले, प्रत्येक पाच फूट आठ इंच, म्हणजे वर दांड्याची नेफा-पट्टी आणि खाली दुमड धरून, काठ आपोआप पडद्याच्या दोन्ही बाजूंनी उभे आले. दोन तुकडे मिळून नव्वद इंच, चार फुटाच्या खिडकीला जवळजवळ दुप्पट, छान चुण्या पडतात, दीडपटीपेक्षा कमी घेऊ नका, नाहीतर पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. तिसऱ्या तुकड्यातून उश्यांचे अभ्रे. माहेश्वरीचा काठ सुलट-उलट दोन्हीकडून सारखाच असतो, बुगडी म्हणतात त्याला, त्यामुळे उलट बाजूनेही सुंदर दिसतो. चूक एकच झाली, पदर एकाच तुकड्यात आला. एक पडदा नटलेला आणि दुसरा आंघोळ न करता तसाच बसलेला. आणि खिडकी पश्चिमेची, उन्हाने रेशीम मरतं, म्हणून मागून जुन्या धोतराचं अस्तर दिलं. पडदे लागले तेव्हा आई बराच वेळ बघत होत्या. "मी इथे बसलेय आणि माझी साडी खिडकीत उभी आहे," असं म्हणाल्या, आणि मग चहा मागितला. चांगलं वाटलं की वाईट ते मला अजून कळलेलं नाही.

लोखंडी मांडणी घासून, रेड ऑक्साइड मारून, हिरवा ऑइल पेंट दिला आणि ओट्यावर... म्हणजे घराच्या पुढच्या ओट्यावर उभी केली, ताटांच्या जागी कुंड्या. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, एकदाच सगळं सरळ झालं.

आता डबे.

राणीपुऱ्यातून मी अठरा काचेच्या बरण्या आणल्या, पासष्टला एक, घासाघीस करून साठला. एका उंचीच्या. फोनवर बघितलेल्या अगदी त्याच. चिठ्ठ्या लिहिल्या, काळ्या पेनने, माझं अक्षर चांगलं आहे, मीठ, साखर, रवा, बेसन, मैदा, तांदळाची पिठी. नवीन फळीवर ओळीने मांडल्या तेव्हा मी दाराशी उभी राहून खरोखर पाच मिनिटं नुसती बघत होते. आईंचे जुने डबे, पितळेचे दोन, बाकी स्टील आणि पत्र्याचे, कोणाला पोचे आलेले, कोणाच्या झाकणावर कोणाच्या तरी बारशाची तारीख कोरलेली, ते पुसून ट्रंकेत.

तिसऱ्या दिवशी आमटी गोड झाली. गूळ असतोच आपल्या आमटीत, पण ही शिऱ्याच्या जवळ गेलेली. कोणी काही बोललं नाही, मुलाने सेव घालून खाल्ली, इंदूरमध्ये सेव घातली की काहीही खाता येतं. चौथ्या दिवशी चहात मीठ. पाचव्या दिवशी आईंनी धिरड्याला बेसनाच्या जागी... जाऊ दे. सहाव्या दिवशी त्या स्वयंपाकघरातच आल्या नाहीत, म्हणाल्या पाय दुखतोय.

मला वाटलं रुसल्या. खरं सांगायचं तर रागच आला, एवढं केलं त्याचं काहीच नाही. मग दुपारी त्या मुलाला सांगत होत्या ते कानावर पडलं, माझ्याबद्दल नव्हतं, डब्यांबद्दल होतं. मिठाच्या डब्याला खाली उजवीकडे पोचा, अंगठा बरोबर त्यात बसतो. साखरेचं झाकण घट्ट, चमच्याच्या शेपटाने उघडावं लागतं. बेसनाचं सैल, उचललं की वाजतं. रव्याचा डबा हलका आणि कडी मोडलेली. चहाचा पितळी, हाताला गार लागतो. त्या डबे बघत नव्हत्याच कधी. चाळीस वर्षं हातानेच ओळखत होत्या. आणि मी त्यांच्यापुढे अठरा सारख्या गुळगुळीत बरण्या ठेवल्या आणि वर बारीक अक्षरात लिहून ठेवलं की वाचा. तेलकट हाताने काच सटकेल म्हणून त्या दोन्ही हातांनी धरत होत्या, ते मी बघितलं होतं, पण बघून काही लक्षात आलं नव्हतं.

मग मी फडताळासमोर बसून त्यांचं जुनं लावणं आठवायचा प्रयत्न केला. रोजचं सगळं छातीच्या उंचीला, म्हणजे हात वर नाही न्यायचा आणि वाकायचंही नाही. गव्हाचा डबा, तेल, जड ते सगळं खाली, उचलायचं नाही, आतूनच काढायचं. चकलीचा सोऱ्या, मोदकाचा साचा, पुरणयंत्र वर, वर्षातून दोनदा स्टूल लागलं तर लागलं. मीठ आणि मिसळणाचा डबा उजवीकडे कारण त्या उजव्या हाताने फोडणी करतात. मी नवीन फळी लावली ती डाव्या भिंतीला, कारण फोटोत तिथे उजेड छान येत होता. आणि उजेडाचंही तसंच, दाण्याचं कूट दोन आठवड्यांत खवट झालं, तिखटाचा रंग उतरला. तेलाच्या वस्तू उजेडात लवकर बिघडतात, पत्र्याच्या डब्यात अंधार असतो. हे त्यांनी कधी मला समजावून सांगितलं नव्हतं आणि मला वाटतं त्यांनी स्वतःलाही कधी सांगितलं नसेल.

पण सगळंच त्यांचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही हं. सेवेची रिकामी पाकिटं धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेली साठ-सत्तर पाकिटं, त्याला काय लॉजिक आहे? मी विचारलं तर म्हणाल्या, "पाकीट जाड आहे." एवढंच. ती मी दिलीच गाडीत.

डबे परत काढले. चिंच लावून पितळेचे घासले. फळी उजव्या भिंतीला सरकवली, म्हणजे परत भोकं, परत नळी, परत लग्नपत्रिकेचं पाकीट, यावेळी पहिल्याच फटक्यात वीट सापडली. डाव्या भिंतीची भोकं बुजवून वर चुना मारला. आई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, काही म्हणाल्या नाहीत, हात गेला, अंगठा पोच्यात बसला, मीठ पोह्यात पडलं.

हिशोब मग मी भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला, सहा हजार चारशे दहातले सातशे पंचवीस उरले. अठरा बरण्यांचं काय करायचं हा प्रश्न होता, एक हजार ऐंशी रुपयांच्या बरण्या, परत कोण घेणार. तीन आईंनी घेतल्या, लोणच्याला काचच बरी म्हणून, आणि खारातल्या मिरच्या त्यात खरंच सुंदर दिसतात. एका बरणीत बटणं गेली. बाकीच्या मी ओट्यावरच्या कपाटात हत्यारांच्या शेजारी ठेवल्या, चिठ्ठ्या काढायचा कंटाळा केला, गम चांगला होता त्यांचा, काचेवर होता ना.

काल रविवारी ह्यांना एकदम उत्साह आला, बाथरूममध्ये टॉवेलचा दांडा लावायचा. ड्रिल आणलं, पाकीट चिकटवलं, बिटाला टेप गुंडाळली, सगळं माझ्याकडे बघून बघून. मग आतून आवाज.

"अगं, गिट्ट्या कुठे आहेत?"

"साखरेत."

"आणि स्क्रू?"

"मोठे मिठात, छोटे रव्यात. आणि विटेत पाडा हो, सांध्यात नको."